विण्याला पहारा लावता, तसा माणसालाही लावा: खान्देशातल्या भजनी मंडळांना आणि देवस्थानांना खुलं पत्र

प्रति,
खान्देशातली सगळी भजनी मंडळं, सप्ताह कमिट्या, देवस्थानांचे ट्रस्टी, कीर्तनकार महाराज, आणि दर्गा, मशीद, चर्च सांभाळणारे सगळे भाऊ-बहिणी

राम कृष्ण हरी.

माझं माहेर पारोळा तालुक्यात, सासर धुळ्याला. गावाचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते एकट्या आमच्या गावात घडलेलं नाही आणि मला कुणाला नावं ठेवायची नाहीयेत. ज्या मंडळाबद्दल लिहितेय त्याच मंडळात माझ्या वडिलांनी तीस वर्षं टाळ धरला, मी स्वतः हरिपाठ तिथंच ओट्यावर बसून पाठ केला, सातवीत असताना. म्हणून घरच्या माणसांना लिहावं तसं लिहितेय, कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

माझा लहान भाऊ मृदंग वाजवतो. वाजवायचा असं आधी लिहिलं होतं, मग खोडलं. चार वर्षांपूर्वीच्या सप्ताहात तो सलग चार रात्री झोपला नाही. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि कीर्तनानंतर जागर, सगळीकडे हाच पुढे, आणि थकवा म्हणाल तर औषधालाही नाही, डोळ्यात वेगळीच चमक, बोलणं एवढं फास्ट की एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. तिसऱ्या दिवशी घरात कपाशीच्या फवारणीसाठी ठेवलेले बावीस हजार रुपये त्याने पंगतीला देऊन टाकले. म्हणाला, मला माऊलींनी सांगितलंय. लोक म्हणाले पोरावर कृपा झाली. बायका त्याच्या पाया पडल्या. आईला वाटलं आपल्या पोटी कुणीतरी मोठा जीव आलाय. मला इकडे धुळ्याला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ आला, मी पण तो कौतुकाने स्टेटसला ठेवला. काल्याच्या दिवशी तो मंदिराच्या शिखरावर चढला आणि खाली उतरायलाच तयार होईना, वर उभा राहून हात पसरून म्हणत होता की आता मला उडायचंय.

चार पोरांनी कसंबसं खाली आणलं. त्यानंतरचे दोन महिने मी कुणाच्या वैऱ्याच्या वाट्याला येऊ नयेत म्हणेन. भगत झाले, उतारे झाले, लिंबू, नारळ, काळा दोरा, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं भाऊबंदकीतल्या कुणी केलंय. मग एका ठिकाणी नेलं, तिथं त्याला दोन रात्री खांबाला बांधून ठेवलं, उजव्या मनगटावर अजून वळ आहे, फुल बाहीचा शर्ट घालतो तो उन्हाळ्यात सुद्धा. शेवटी माझ्या नणंदेच्या मिस्टरांनी गाडी आणली आणि आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले बायपोलर. म्हणजे कधी मन इतकं वर जातं की झोप लागत नाही, पैसा उधळला जातो, देवाने मलाच निवडलंय असं वाटायला लागतं, आणि कधी इतकं खाली की अंथरुणातून उठवत नाही. आम्ही विचारलं हे कशामुळे झालं, तर ते म्हणाले आजाराची ठेवण आधीपासून असते, पण जागरणाने तो भडकतो. आणि झोप जाणं हे त्याच आजाराचं पहिलं लक्षणही असतं. मी तिथंच रडायला लागले. कारण त्या चार रात्री आम्ही सगळेच त्याला टाळ्या वाजवून जागं ठेवत होतो.

आता तुमच्याकडे येते.

गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांनी तो शांत झाला, मग हळूहळू शांत याच्याही पलीकडे गेला, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. अशा वेळी कुणीच आलं नाही. जे पाया पडले होते त्यातलंही कुणी आलं नाही. वडिलांच्या बायपासच्या वेळी याच मंडळाने डबे पुरवले होते, रात्री दवाखान्यात झोपायला पोरं पाठवली होती, मला सगळं आठवतंय. मग भावाच्या वेळी दार का वाजलं नाही? सहा महिन्यांनी तो स्वतः उठून मंदिरात गेला, तर मृदंग दुसऱ्या पोराकडे दिलेला होता. ते एक वेळ ठीक आहे, सेवा थांबवता येत नाही. पण या आजारावरच्या लिथियम नावाच्या गोळीने हात बारीक थरथरतो, त्याने वाजवून बघितलं तेव्हा बोल नीट उमटेना, आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं, देवाने याचा हात काढून घेतला. ते वाक्य तो अजून बोलून दाखवतो. हात देवाने काढला नव्हता हो. पुढच्या खेपेला डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रक्त तपासून डोस थोडा कमी केला, थरथर बरीच उतरली. एवढं साधं होतं ते.

मला जे सांगायचंय ते विण्यावरून सुचलं. सप्ताहात विणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रंदिवस, कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात तो असतोच. त्यासाठी तुम्ही वहीत पहारे लिहिता, रात्री दोन ते चार कोण, चार ते सहा कोण, एखाद्याला ताप आला तर त्याच्या जागी कोण. कुणी झोपून राहिला तर दुसरा त्याच्या घरी जाऊन दार वाजवतो. अख्ख्या गावात एवढं शिस्तीचं काम दुसरं कुठलं होत नाही, ग्रामपंचायतीत तर नाहीच. मी म्हणते तीच वही काढा आणि गावातल्या आजारी माणसासाठी पहारे लिहा. महिन्यातून एकदा धुळ्याच्या नाहीतर जळगावच्या ओपीडीला त्याच्यासोबत कोण जाणार, गोळ्या संपत आल्या का ते कोण बघणार, आई थकली असेल तर एक दुपार त्याच्याजवळ कोण बसणार. याला डॉक्टरकी लागत नाही. तुम्हाला हे येतं, तुम्ही वर्षानुवर्षं करताय.

हे एकट्या आमच्या घराचं दुखणं नाही. 2015-16 मध्ये बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेने 12 राज्यांत सर्व्हे केला होता, महाराष्ट्र त्यात नव्हता पण शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते, त्यात मोठ्या माणसांपैकी 10.6 टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार निघाला, आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तुमच्या गावात दोन हजार मोठी माणसं असतील तर या हिशोबाने दोनशेच्या आसपास. काकड्याला शेजारी उभा राहणारा त्यात असू शकतो. आणि आपल्याकडे सोय किती, तर राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, खान्देशात एकही नाही. आता जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे हा मोठा आधार, पण तोरणमाळच्या डोंगरातल्या माणसाला नंदुरबार सुद्धा एका दिवसाची मजुरी बुडवून गाठावं लागतं. भगत मात्र पाड्यातच असतो. आणि देऊळ प्रत्येक गावात असतं. माणूस पहिल्यांदा तुमच्याकडेच येतो, म्हणून हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिलंय.

काही गोष्टी अगदी बारीक आहेत पण जीवावर बेतणाऱ्या आहेत, त्या नीट वाचा ही हात जोडून विनंती.

लिथियम घेणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की औषध रक्तात साठत जातं. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, चालताना झोकांड्या, जीभ जड होणं, मग भ्रमिष्टासारखं बोलणं, वेळेत दवाखान्यात नेलं नाही तर माणूस जाऊ शकतो. आता निर्जळी एकादशी कधी येते, ज्येष्ठात. आणि ज्येष्ठात आपल्याकडे ऊन काय असतं ते मी जळगाव-भुसावळच्या माणसाला सांगावं का. चैत्रात सप्तशृंगी गडाला आपल्याकडून हजारो माणसं पायी जातात, डांबरी रस्त्याने, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत. मानसिक आजारावरच्या आणखीही काही गोळ्यांनी शरीराला उष्णता सहन होत नाही. तर अशा माणसाला कुणी भक्तीच्या नावाने निर्जळी उपास करायला लावू नका, पायी जायचं असेल तर आधी डॉक्टरला विचारायला लावा, पाणी आणि मीठ सांभाळा. वारीत पाय दुखतात म्हणून कुणीही कुणाला ब्रुफेन देतं, ती सुद्धा लिथियमसोबत चालत नाही, तिच्याने रक्तातली लिथियमची लेव्हल वाढते. दिंडीत एका तरी माणसाला हे माहिती पाहिजे, आणि मेडिकल कॅम्पवर ते सांगायला पाहिजे. मुस्लिम भावांना पण हेच सांगेन, रमजानच्या आधी डॉक्टरला दाखवा, कुराणातच आजारी माणसाला सवलत आहे, नंतरच्या दिवसांत रोजे भरून काढता येतात, हे मौलानांनी जुम्म्याला बोलून दाखवलं तर घरच्यांचं ओझं उतरेल.

झोपेचं तर वर सांगितलंच. जागराला अशा माणसाला बसवू नका. कुणी दोन-तीन रात्री झोपला नाही आणि तरी ताजातवाना दिसतोय, एकदम मोठमोठ्या गोष्टी बोलतोय, पैसे वाटत सुटलाय, तर त्याच्या पाया पडायच्या आधी त्याच्या घरच्यांना बाजूला घेऊन विचारा, हा झोपला कधी होता?

गोळ्या बंद कर, देवावर विश्वास ठेव, असं कृपा करून म्हणू नका. हे वाक्य मी किती घरात ऐकलंय. माझ्या भावाला एका प्रवचनकारांनीच सांगितलं होतं की नामात सगळी औषधं आहेत, त्याने दीड महिना गोळ्या सोडल्या आणि परत अॅडमिट करावं लागलं. त्या महाराजांचा हेतू वाईट नव्हता हे मला माहितीय, पण तेच महाराज शुगरची गोळी घेऊन कीर्तनाला उभे राहतात आणि त्यात त्यांच्या नामाला काही कमीपणा येत नाही. मग डोक्याच्या गोळीनेच का यावा? नाम घेत गोळी घेता येते, माझा भाऊ घेतो.

बांधून ठेवण्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही, हात थांबतो. एवढंच सांगते, 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका मनोरुग्णांच्या निवासात पहाटे आग लागली, माणसं साखळ्यांनी बांधलेली होती, 28 जण जळून गेले. पळताच आलं नाही त्यांना. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे, त्यात आजारी माणसाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. आणि आपल्या राज्याचा 2013 चा जादूटोणा विरोधी कायदा भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याला गुन्हाच म्हणतो. तुमच्या देवस्थानात असं काही होत असेल तर ट्रस्टींनो, तुम्हाला माहिती नाही असं होत नसतं.

पण दवा आणि दुवा एकत्र चालू शकतात हे पण खरं आहे, आणि ते फार लांब नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, लागीर झालंय, वारं आहे म्हणून सगळ्या धर्माची माणसं तिथं येतात. तिथं दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराची ओपीडी सुरू केली गेली आणि मुजावरांना आजार ओळखायला शिकवलं, म्हणजे तेच दुवा करतात आणि तेच सांगतात की आता डॉक्टरकडे पण जाऊन ये. कुणाची श्रद्धा मोडली नाही. मुजावरांचा मान कमी झाला नाही. हे आपल्याकडे का होऊ नये? अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात केवढी गर्दी असते, सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत असते, तिथं एक टेबल, एक डॉक्टर, एक बोर्ड. नवापूरकडच्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर पाळकांनी दोन मिनिटं बोलायचं. मेडिकल कॉलेजला मागणीचं पत्र द्यायला ट्रस्टचा शिक्का पुरतो. आणि सप्ताहाच्या पत्रिकेवर अन्नदात्यांची पन्नास नावं छापता, तिथंच खाली मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनची एक ओळ: टेलि-मानस 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलंय, आमच्या गावात मी विचारलं तर एकालाही माहिती नव्हतं.

आणखी एक, हे महाराज लोकांसाठी. आपल्या भागात शेतकऱ्याच्या आत्महत्या काही नवीन नाहीत. दहाव्याच्या प्रवचनात, समोर ती बाई दोन लेकरं घेऊन बसलेली असते आणि तुम्ही म्हणता आत्महत्या महापाप आहे, त्या जीवाला गती नाही. तुम्हाला वाटतं ऐकणाऱ्यांना धाक बसेल. तिला काय वाटत असेल? आणि मागे बसलेला एखादा, ज्याच्या डोक्यात तोच विचार चाललाय, तो हे ऐकून कुणाजवळ मन मोकळं करेल का, आणखी आतच ओढून घेईल. कायदा सुद्धा आता मानतो की असा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली असतो, त्याला शिक्षा करायची नसते, सांभाळायचं असतं. तुमच्या शब्दाला जेवढं वजन आहे तेवढं कायद्याला गावात नाही. त्या दिवशी तुम्ही नुसतं एवढं म्हणा की ज्याला असह्य होतंय त्याने माझ्याकडे यावं, रात्री बारा वाजता यावं.

मुक्ताई आपली, आपल्या कोथळीची, तिच्या पालखीसोबत आपली माणसं महिनाभर चालत पंढरपूरला जातात. ज्ञानोबा रुसून दार लावून बसले होते तेव्हा ती बाहेर थांबली आणि बोलत राहिली, दार आतून उघडेपर्यंत. भावाच्या बंद खोलीबाहेर बसून मी खूप वेळा तिची आठवण काढली आहे. मला तिच्यासारखं बोलता येत नाही, मी नुसती चहा घेऊन बसायचे.

आणि एक माणूस होता जो यायचा, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र अपुरं राहील. मंडळातले म्हातारे विणेकरी, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. कुणी आलं नाही असं वर लिहिलंय, ते पहिल्या दोन-अडीच महिन्यांचं आहे, त्यानंतर तात्या यायला लागले. रोज हरिपाठ झाला की काठी टेकत यायचे, खाटेच्या कडेला बसायचे आणि म्हणायचे, “जेवना का रे भाऊ?” बस, एवढंच. उपदेश नाही, अंगारा नाही, तुला काय होतंय म्हणून चौकशी नाही. तो उत्तर द्यायचा नाही, तरी ते अर्धा तास बसायचे, कधी तंबाखू मळत, कधी पावसाचं बोलत आईशी. महिन्याभराने एक दिवस भावाने तोंड फिरवलं आणि म्हणाला, “जेवनू तात्या, तुम्ही?” आई चुलीपाशी होती, तिने पदर डोळ्याला लावला. तात्यांना नंतर मी विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं होतं का असं करायला, तर म्हणाले, “पहाराले बठेल शे मी, मनी पाळी शे.” म्हणजे पहाऱ्याला बसलोय मी, माझी पाळी आहे.

यंदाचा सप्ताह पुढच्या महिन्यात बसतोय. भाऊ यायचं म्हणतोय, गेल्या आठवड्यात त्याने माळ्यावरून मृदंग उतरवून पुसला, त्याच्या तोंडावरच्या काळ्या शाईला हात लावून बघितला. हरिपाठाला दुसऱ्या ओळीत खांबाजवळ त्याची जागा असायची, ती ठेवा. हात थरथरला तर टाळ द्या, पण ओळीत घ्या. रात्रीच्या कीर्तनाला तो अर्ध्यातून उठेल, साडेनऊला त्याची गोळी असते आणि दहाला झोपायचं असतं, तेव्हा कुणी त्याला बस रे बस म्हणू नका. मंदिरातून घरापर्यंत मधे अंधार आहे, लाइट बहुतेक गेलेली असते. कुणीतरी बॅटरी घेऊन त्याला घरापर्यंत सोडा, वहीत त्याचं पण एक नाव लिहून ठेवा.

तुमचीच,
एक माहेरवाशीण